एकोणचाळीस शब्द

“पण बाबा, खरं सांगा. तुम्हाला इंग्रजी शब्द येतात तरी किती?”

लहानूबाबा आरसा पुसत होते. त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली, धोतराच्या सोग्यानं ती टिपली, आणि मग विचाराला बसले. त्यांना विचार करायला वेळ लागायचा.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले.

वैजयंताला हसू आवरेना.

“एकोणचाळीस! आणि खोपकरसाहेब मला म्हणतात, इंग्रजी शिकायचं तर त्या म्हाताऱ्याकडे जा.”

“साहेब मोठी माणसं. बोलतात काहीबाही.” बाबा पुन्हा काच पुसायला लागले. “चाळीस होते. एक गेला.”

“गेला म्हणजे? विसरलात?”

“विसरलो नाही…”



पाचघळीच्या डोंगरात पाच लेणी आहेत. चार लेण्यांत सकाळचं ऊन आपल्या पायानं शिरतं. तिसऱ्यात शिरत नाही. त्याला खिडकी नाही, आणि दार इतकं बुटकं की भल्याभल्यांना मान लववावी लागते. आत मागच्या भिंतीवर एक जुनं चित्र आहे. कुणी काढलं, कुणाला ठाऊक नाही. अंधारात ते कुणाला दिसतही नाही.

ते दाखवायचं, हेच लहानूबाबांचं पन्नास वर्षांचं काम. बाहेर अंगणात ते कपाटाचा एक जुना आरसा मांडीवर घेऊन बसायचे. त्यात ऊन धरायचे आणि दारातून आत सोडायचे. आत लाकडी चौकटीवर पांढरं धोतर ताणून बांधलेलं असे. ऊन आधी त्या कापडावर पडायचं, आणि कापडावरून भिंतीवर जायचं. जाताना मऊ व्हायचं, दुधासारखं. मग भिंत हळूहळू डोळे उघडायची.

वैजयंता पायथ्याच्या गावची. तिनं तालुक्याला जाऊन तीन महिने इंग्रजीचा क्लास केला होता. तिच्याकडे एक जाडजूड वही होती. शब्द निळ्या शाईत, अर्थ हिरव्या, आणि खाली एक वाक्य लाल शाईत. असे तीन हजार शब्द. एकही चुकायचा नाही.

तिला लेण्यांवर गाइड व्हायचं होतं. परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवणारी एक जागा होती, आणि त्या जागेचा पितळी बिल्ला लेण्यांचा कारभार बघणाऱ्या खोपकरसाहेबांच्या खिशात होता. वैजयंता पाहुण्यासमोरच्या चाचणीला दोनदा गेली होती आणि दोनदा हात हलवत आली होती. पहिल्यांदा पाहुण्यानं चित्रातल्या बाईकडे बोट करून एवढंच विचारलं, की ही काय करतेय? वैजयंतानं त्याला दहा मिनिटं राजवंश, शतकं आणि शैली ऐकवली. एका दमात. पाहुणा मान हलवत हलवत बाहेर निघून गेला. दुसऱ्यांदा तर तोंडालाच कोरड पडली. तीन हजारांतला एक शब्द मदतीला आला नाही.

आता सोमवारी तिसरी खेप. साहेबांनी सांगून टाकलं होतं, “या वेळी जमलं तर जमलं. नाहीतर पाहुण्यांच्या कानाला लावायचं बोलकं यंत्र आणतो. गाइडची कटकटच नको.”

मग वैजयंतानं काय करायचं? शहरात जाऊन कुठल्यातरी कारखान्यात खोकी भरायची. ज्या पायऱ्यांवर ती चालायला शिकली, त्या पायऱ्या सोडायच्या. ते तिला नको होतं. म्हणून ती आली होती. नाक जरा वर ठेवूनच, पण आली होती.

“बघू तुझी वही,” बाबा म्हणाले.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि वही दोन्ही हातांत घेतली, प्रसाद घ्यावा तशी. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी नुसत्याच ओळींवरून बोट फिरवलं आणि परत दिली.

“छान आहे गं रंगीत. वाच.”

“मँगो. मँगो म्हणजे आंबा. आय ईट अ मँगो. म्हणजे मी आंबा खाते.”

“कधी?”

“काय कधी?”

“आंबा. कधी खाल्लास?”

मार्गशीर्ष चालू होता. डोंगरावरच्या आंब्यांना अजून मोहोरसुद्धा नव्हता.

“अहो बाबा, उदाहरणाचं वाक्य आहे ते!”

“असं होय… मग खाल्ला कुणी?”

वैजयंतानं ओठ मुडपले आणि पान उलटलं.

“हॉर्स. हॉर्स म्हणजे घोडा. आय राइड अ हॉर्स. मी घोड्यावर बसते.”

बाबांनी तिच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा चपलांकडे. तिलाच हसू फुटलं.

“बांधलायस कुठं? चारा घातलास ना त्याला?”

पण हे म्हणताना त्यांचा स्वर जरा उतरला होता. ते तिच्या ध्यानात आलं नाही.

“थट्टा पुरे,” ती म्हणाली. “तुमचे एकोणचाळीस तरी ऐकू द्या.”

बाबांनी डोळे मिटले.

“‘कोल्ड’ एका लहान पोरीनं दिला. भिंतीला गाल लावून उभी होती. ‘स्लो’ एका नवऱ्यानं दिला. बायको पायऱ्या चढत होती, तिच्या कोपराखाली हात धरून तो सारखा तेवढंच म्हणत होता. ‘सॉरी’ एका म्हाताऱ्या शिपायानं. इथंच बसून दुपारपर्यंत बोलला. रडला. मला काही कळलं नाही, पण तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो राहिला. ‘हँड’ दिला एका उंच माणसानं…”

ते सांगत राहिले. वैजयंताची वही मांडीवर तशीच उघडी राहिली.

“प्रत्येक शब्द कुणी दिला ते आठवतं तुम्हाला?”

“दिलेली वस्तू ती. कुणी दिली ते विसरून कसं चालेल?”

“आणि ‘वॉटर’ नुसताच म्हणालात. तो कुणी दिला?”

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. 

“तो मग सांगेन.”

वाऱ्यानं वहीची पानं फडफडली.

“बाबा, सोमवारला तीन दिवस आहेत. तीन दिवसांत किती शब्द शिकवाल?”

“बघू. एखादा झाला तर झाला.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “वही घरी ठेव. उद्या नऊला ये. माझ्याकडे चौकट धरायला माणूस नाही.”

शुक्रवारी ती आली. बिनवहीची. हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं लगेच चौकट धरली.

बाहेरून बाबांचा आवाज आला.

“उजेड पडेल तिथं असेल तेवढंच म्हणायचं. नसेल ते म्हणायचं नाही. कळलं?”

“कळलं.” मनात म्हणाली, हे काय बालवाडीसारखं.

ऊन दारातून आलं. कापड एकदम उजळलं. तिनं चौकट जराशी कलती केली, तसा भिंतीवर उजेडाचा एक तुकडा सरकत सरकत गेला आणि थांबला.

“दिस इज अ हँड.”

“कसा?”

“कसा म्हणजे? हात आहे.”

“कसा?”

ती वैतागली. हे चित्र तिनं लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. एक बाई घागर घेऊन उभी आहे. एक हात घागरीच्या गळ्याशी, एक खाली. त्यात आणखी काय बघायचं?

चौकट धरून दंडाला कळ लागली होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती बघत राहिली.

मग तिला दिसलं.

घागरीच्या खालचा हात. त्याची बोटं घागरीच्या बुडाला टेकली होती, आणि जिथं टेकली होती तिथं पेरं फिकी पडली होती. वजनानं रक्त हटावं तशी. कुणीतरी, किती शे वर्षांपूर्वी, अंधारात बसून, चार बोटांच्या चार पेरांना जरासा फिका रंग लावला होता. त्यानं असं भरलेलं भांडं उचलणाऱ्या बाईचा हात पाहिला असणार. नीट पाहिला असणार.



“काय गं? झोपलीस की काय?”

“बाबा… घागर भरलेली आहे.”

“इंग्रजीत.”

“द पॉट… इज फुल.”

 बाहेरून हळूच, “‘फुल’ आहे माझ्याकडे. एका जाड्या साहेबानं दिलाय. बायकोनं आणखी एक पोळी पुढं केली, तेव्हा पोटावर हात ठेवून.”

आत वैजयंता एकटीच हसली. तिचं हसू लेण्यात घुमून तिच्याकडेच परत आलं.

“आता पुढचा शब्द?”

“आजचं ऊन संपलं.”

खरंच संपलं होतं. सूर्य कड्याच्या वर गेला होता. ती बाहेर आली, तिनं बोटांवर हिशेब केला आणि तिचा पारा चढला.

“रोज एक! अशानं तीन हजारांना आठ वर्षं लागतील, बाबा!”

“तेवढं माझ्याच्यानं थांबवत नाही गं,” बाबा मनापासून काळजीनं म्हणाले. “तू आपली उद्या ये.”

शनिवारी ती ठरवूनच आली.

“आज आरसा माझ्याकडे द्या. चौकट-बिकट नको. वेळ जातो.”

बाबांनी आरसा तिच्या हाती दिला आणि आपण दाराशी जाऊन उभे राहिले. वैजयंतानं ऊन धरलं आणि थेट भिंतीवर सोडलं. भसकन लोळ आत गेला.

“दिसली का बाई?” तिनं विचारलं.

“तूच ये बघायला. आरसा टेकव त्या दगडाला.”

तिनं आरसा टेकवला आणि ती वाकून आत आली. भिंतीवर पांढराफट्ट डोळा जळत होता. त्यात ना हात, ना घागर. आणि भोवतीची भिंत आधीपेक्षा काळी.

“काहीच दिसत नाही!”

“उजेड कमी पडला असेल,” बाबा म्हणाले.

“कमी कसला? डोळे फुटायची वेळ आली, म्हणे कमी…”

बोलता बोलता ती थांबली.

तिला तो पहिला पाहुणा आठवला. ती राजवंश सांगत होती, शतकं सांगत होती, आणि तो डोळे बारीक करून मान हलवत होता. आता तिनं डोळे बारीक केले होते, अगदी तसेच.

ती बाहेर गेली. आरसा उचलला, पदरानं पुसला, आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. मग सांगायच्या आधीच आत येऊन तिनं चौकट धरली.

त्या दिवशी शब्द झाला ‘वुमन’. त्या एका बाईत अख्खी सकाळ गेली. जाताना तिनं विचारलं,

“बाबा, तुमचा एक शब्द गेला म्हणालात. कुठला तो?”

“‘हॉर्स.’”

वैजयंता चपलेत पाय घालता घालता थांबली.

“ती बाई घोड्याला पाणी पाजायची. लांबून आलेला घोडा. घागरीला तोंड लावलेलं. तू पाहिलायस. लहानपणापासून.”

“हो… पांढरा होता.”

“तीन वर्षांमागं श्रावणात भिंतीला ओल आली. तेवढाच गिलावा सुटला. मी सकाळी आलो, तर घोडा खाली पडलेला. सुपात भरला मी.” ते आरशावर फडकं गुंडाळत होते. “सूपभर झाला.”

“आणि शब्द?”

“घोडा नाही. मग म्हणू कुणाला?”

रविवार उजाडला. उद्या सोमवार. वैजयंताला रात्रभर झोप नव्हती, आणि झोप नसली की पाठ केलेलं सगळं आपोआप तोंडात येतं.

बाबांनी ऊन सोडलं. तिनं चौकट कलती केली. उजेड बाईच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला.

“दिस इज अ वुमन,” वैजयंता म्हणाली. आणि वहीतलं पुढचं पान जसंच्या तसं घरंगळत आलं. “मदर. मदर म्हणजे आई. माय मदर इज अ‍ॅट होम. माझी आई घरी…”

उजेड गेला.

गच्च अंधार.

“बाबा? ढग आला का?”

“नाही.”

“मग?”

 तिला कळलं. बाबांनी आरसा पालथा घातला होता.

ती चौकट धरून अंधारात उभी राहिली. आपण काय म्हणालो ते तिनं पुन्हा मनात म्हटलं. 

आई दोन वर्षांपूर्वी भादव्यात गेली होती. क्लास सुरू झाला तो अश्विनात. रोज संध्याकाळी चाळीस मुली एका सुरात म्हणायच्या, माय मदर इज अ‍ॅट होम. त्यात वैजयंताचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मास्तर शाबासकी द्यायचे. आणि रोज ती एसटीनं घरी यायची, आणि बंद घराची कडी आपल्या हातानं काढायची.

तीन महिने. एकदाही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“बाबा,” ती म्हणाली.  “मग हाही शब्द गेला का माझा? तुमच्या घोड्यासारखा?”

बाहेर काही हललं. ऊन हळूच दारातून आत आलं आणि कापडावर बसलं.

“चौकट उजवीकडं,” बाबांचा आवाज. “आणखी. आणखी थोडी… राहू दे.”

उजेड उघड्या दगडावर पडला होता. जिथून गिलावा सुटला होता तिथं.

“काय आहे?”

“काही नाही, बाबा. दगड आहे.”

“बघ.”

ती बघत राहिली. दंड थरथरत होते, त्यामुळे उजेडाची कड हलत होती. हलता हलता ती कड बाईच्या चेहऱ्याला शिवली.

बाई घागरीकडे बघत नव्हती. पाण्याकडेही बघत नव्हती. पिणाऱ्याकडे बघत होती. डोळ्यांत डोळे घालून, लांबून आलेल्या, तहानलेल्या घोड्याकडे. आणि घोडा नव्हता. तिथं नुसता दगड होता. तरी तिच्या नजरेत तसूभर फरक पडला नव्हता. घागर तशीच कललेली. पेरं तशीच फिकी. काठाशी पाण्याची पांढरी रेघ, तुटलेल्या गिलाव्यापर्यंत आलेली, पुढं नाही.

तीन वर्षं… या अंधारात… कुणी बघत नसताना…



“‘वॉटर’ कुणी दिला, विचारलं होतंस ना?” बाहेरून बाबा म्हणाले. “तुझ्या आईनं. या पायरीवर घागर घेऊन बसायची गिरजा, आल्यागेल्याला पाणी द्यायला. तिला तेवढा एकच शब्द येत होता. मी उन्हात बसलेला असायचो. तांब्या पुढं करायची आणि म्हणायची, ‘वॉटर, भाऊ.’ हसायची.”



“बाई काय करतेय गं?” बाबांनी विचारलं.

तिच्यापाशी तीन हजार शब्द होते. ते सगळे जणू लांब कुठंतरी उभे होते, एकही पुढं येईना. ती थांबली. घाई केली नाही. मग तीनच आले. एकेक करून. पायऱ्या चढून आल्यासारखे.

“शी… गिव्ह्ज… वॉटर.”



“झालं आजचं,” ते म्हणाले. ऊन अजून पुष्कळ बाकी होतं.

सोमवारी आभाळ भरून आलं.

अवेळी. उन्हाचा कवडसासुद्धा नाही. बाबा अंगणात आरसा मांडीवर घेऊन बसले होते. आरशात सगळं करडं.

खोपकरसाहेब पाहुणीला घेऊन आले. पिकल्या केसांची, काठी टेकत चालणारी परदेशी बाई. साहेबांच्या हातात तीन कागद होते. गाइडनं काय काय सांगायला हवं, त्याची यादी.

“अहो, हे काय?” साहेब आभाळाकडे बघून म्हणाले. “आता दाखवणार कसं? मोबाईलचा दिवा तर चालणार नाही. आत दिवा लावू नये, ही पाटी मीच लावलीय!” मग बाबांकडे वळले. “तुम्ही करा की काहीतरी!”

“मी काय करू, साहेब? माझ्याकडे आरसाच आहे.”

तोवर पाहुणी दारातून वाकून आत गेलीसुद्धा. वैजयंता तिच्या मागोमाग गेली आणि तिनं चाचपडत चौकट धरली. साहेब बाहेरच येरझाऱ्या घालत राहिले.

आत काहीच दिसत नव्हतं. पाहुणी चाचपडत दगडी ओट्यावर बसली. तिचा श्वास ऐकू येत होता.

“व्हॉट इज हिअर?” तिनं विचारलं.

वैजयंता गप्प राहिली. मागच्या खेपेलाही ती गप्पच राहिली होती, पण तेव्हा घशाला कोरड होती. आज ती वाट बघत होती. ऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली.

“हिअर… अ वुमन.”

थांबली.

“हर हँड.”

अंधारात तिला ती बोटं दिसत होती.

“द पॉट. द पॉट इज फुल.”

पाहुणीच्या काठीचं टोक दगडावर घासल्याचा बारीक आवाज झाला. ती पुढं झुकली होती.

“व्हॉट इज शी डूइंग?”

तोच प्रश्न. पहिल्या खेपेचा.

“शी गिव्ह्ज वॉटर.”

“टू हूम?”

“अ हॉर्स.”  “द हॉर्स इज नॉट हिअर. द वॉल फेल.”

 मग पाहुणीनं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, आपल्याच घरातलं काही विचारावं तसं.

“अँड शी?”

“शी गिव्ह्ज वॉटर.”



आणि तेवढ्यात बाहेर ढग सरकला असावा. दारातून ऊन आत आलं, थेट कापडावर. चौकट भिंतीकडे कलणार, इतक्यात पाहुणीनं हात वर केला.

“वेट.”

वैजयंतानं चौकट छातीशी ओढून धरली. सगळं ऊन तिच्या अंगावर राहिलं. भिंत काळीच. पाहुणी त्या काळ्या भिंतीकडे बघत बसली होती. तिच्या गालांवर ओल होती, आणि ती पुसायची तिला घाई नव्हती.

मग तिनं मान हलवली.

“नाऊ.”

वैजयंतानं चौकट कलती केली. ऊन मऊ झालं आणि भिंतीवर गेलं. बाई, तिचा हात, घागर, उघडा दगड.

पाहुणीला नवल वाटल्याचं दिसलं नाही. ओळखीच्या माणसाला भेटावं तशी तिनं नुसती मान लववली.

बाहेर साहेब घड्याळ बघत होते.

“झालंसुद्धा? तीन पानांची माहिती होती! कानावर तर काहीच आलं नाही माझ्या. सांगितलंस तरी काय, वैजयंता?”

 पाहुणी लहानूबाबांपुढं उभी राहिली, आरशावरचा त्यांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडला. मग साहेबांना बाजूला घेऊन ती खूप वेळ बोलत राहिली. साहेबांनी आधी मान हलवली, मग टोपी काढली, मग ते नुसते ऐकत राहिले.

जाताना ते वैजयंतापाशी आले. खिशातून बिल्ला काढला. त्यांच्या हातातले तीन कागद आता घडी होऊन खिशात गेले होते.

“यंत्र नको म्हणाल्या,” साहेब म्हणाले. “आणि… मलाही एकदा आत ने. उद्या वगैरे. सवडीनं.”

पितळी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवून ते पाहुणीच्या मागून पायऱ्या उतरायला लागले. मध्येच थांबले. पाहुणी हळू उतरत होती, तिच्या कोपराखाली त्यांनी हात दिला.

अंगणात दोघंच उरली. वैजयंतानं बिल्ला मुठीत धरला, पण लावला नाही. बाबांच्या शेजारी खाली बसली.

“बाबा, मी त्यांना घोड्याचंही सांगितलं. आणि त्यांनी आत एक शब्द म्हटला. ‘वेट.’ म्हणजे थांबा.”

“कधी म्हटला?”

“ऊन आलं तेव्हा.”

बाबांनी तो शब्द जिभेवर घेतला. दोनदा, तीनदा हलकेच म्हणून पाहिला.

“चांगला आहे. माझ्याकडे नव्हता.”

“त्यांनी दिला.”

“तुला त्यांनी दिला. मला तू दिलास.”

 वैजयंता हसली.

“म्हणजे तुमचे परत चाळीस झाले, बाबा.”

“एक्केचाळीस.”

“एक्केचाळीस कसे? एकोणचाळीस, आणि हा एक… मग तो दुसरा कुठला?”

लहानूबाबांनी आरसा उचलला. ऊन धरलं. दारातून ते आत गेलं, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चौकटीवर पडलं, आणि तिथून जाऊन उघड्या दगडावर थांबलं. जिथं घोडा नव्हता, तिथं.

वैजयंता दारातून बघत राहिली.

“चौकट धर, पोरी,” बाबा म्हणाले. “ऊन चाललंय.”